तलावाकडच्या खोलीतले हरिभाऊ

शिवपुरीच्या जंगलात तलावाच्या काठी एक जुना बंगला आहे. त्याच्या दिवाणखान्यात गवताचं एक चित्र टांगलेलं आहे. हिवाळ्यातलं पिवळं, कमरेएवढं गवत, आणि मधोमध एका जागी ते दबलेलं. बाकी काही नाही. खाली पितळी पट्टीवर लिहिलंय : 'चित्रकार अज्ञात'. पट्टी कोणी कोरली मला ठाऊक नाही. शब्द माझे आहेत.

मागच्या हिवाळ्यात मुलानं मला तिथे नेलं. त्याला वाटलं, बाबांनी उमेदीची वर्षं या जंगलाच्या फायली सांभाळण्यात घालवली, त्यांना बरं वाटेल. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "छान आहे ना? कोणी काढलं असेल, नाव कळलं असतं तर बरं झालं असतं." मी हो म्हणालो. आता नव्वदी जवळ आली आहे. ज्यांना त्या चित्रकाराचं नाव माहीत होतं त्यांतला बहुधा मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो.

त्यांचं नाव हरिभाऊ काटकर.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते संस्थान विलीन झालं त्या सुमारास. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या दफ्तरात सकाळपासून एकच काम चाले : काय दरबारचं खासगी आणि काय सरकारचं, याच्या याद्या. मी एकवीस वर्षांचा, नोकरीत नवा. मला दोन जाड रजिस्टरं देऊन छोट्या रुळांच्या आगगाडीनं शिवपुरीला पाठवलं. जुन्या शिकारखात्याच्या, म्हणजे आमच्या बोलण्यात शिकारखान्याच्या, बंगल्यातली एकूणएक वस्तू मोजून लिहायची होती. खुर्च्या, कपबशा, शिंगं, कातडी, पिंजरे.

बंगल्याच्या पूर्वेकडच्या खोलीत एक माणूस राहत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, अंगात खाकी कोट. कोटाच्या पाच बटणांत दोनही एकसारखी नव्हती. मी दारातून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. तलावाकडे. तसेच ते दुसऱ्या दिवशीही बसले होते आणि तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, आजारी असावेत. चौकीदाराला विचारलं तर तो हसला.

"चितेरे दाऊ हैं. अभी आए हैं ना. आठ दिन कुछ नहीं करेंगे."

चितेरे दाऊ म्हणजे चित्रकार दादा. जंगलातले सहरिया लोक त्यांना याच नावानं ओळखत. त्यांचा नियमच होता. दर वर्षी कार्तिक संपता संपता ते लष्करातून यायचे आणि पहिले आठ दिवस कागदाला हात लावायचे नाहीत. पुढे कधीतरी मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपण जंगल पाहायला येतो असं आपल्याला वाटतं. आधी ते आपल्याला पाहून घेतं. त्याला फुरसत द्यायला पाहिजे."

हरिभाऊंचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर आलेले. आजोबा घोड्यावरचे, वडील किल्ल्यावरचे. हरिभाऊंच्या हाती तलवारीऐवजी कुंचला कसा आला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की तरुणपणी ते शिकारखान्यात मारलेल्या जनावरांची मापं टिपायला होते आणि मापांच्या बाजूला जनावराचं चित्र काढायचे. ते वरपर्यंत गेलं आणि तोंडी हुकूम झाला : या माणसानं हिवाळ्याचे चार महिने तलावाकडच्या खोलीत राहावं आणि हवं ते काढावं. कागद झाला नाही. त्या काळी वरून बोललेलं पुरत असे. पण हजेरीपटावर चित्रकाराची जागाच नव्हती, म्हणून त्यांचं नाव 'जमादार, हाका' या जागी घातलं. हाका म्हणजे ढोल आणि पिपे बडवत, ओरडत जनावर शिकाऱ्यापुढे हाकलायचं काम. हरिभाऊंचा आवाज इतका हळू की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे.

"वीस वर्षं हाक्याचा जमादार आहे मी," ते म्हणायचे. "एक कबूतर नाही उडालं माझ्या ओरडण्यानं."

चौथ्या दिवशी मी भिंतींवरची चित्रं यादीत घ्यायला सुरुवात केली. दर हिवाळ्याचं एक, अशी सतरा चित्रं होती. माझ्या रजिस्टरात एक रकाना होता, 'निर्मात्याचे नाव'. खुर्च्यांच्या पुढे मी त्यांच्यावरचे शिक्के पाहून कारखान्यांची नावं लिहिली होती. चित्रांवर सही नव्हती. एक उलटून पाहिलं तर मागे शिसपेन्सिलीनं बारीक, उभट अक्षरांत लिहिलेलं : 'करधईच्या उतारावर. उन्हं आल्यावर. वारा पश्चिमेचा. मंगलियानं दाखवलं.' दुसऱ्यामागे तसंच, जागा वेगळी, वारा वेगळा. नाव मात्र मंगलियाचं किंवा दुसऱ्या कुणा सहरियाचं. मंगलिया हा त्यांचा वाटाड्या, आणि करधई हे तिथल्या उतारांवरचं झाड.

मी ते चित्र घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. "हरिभाऊ, यावर तुमचं नाव नाही."

"नाही."

"का?"

"ज्यानं दाखवलं त्याचं आहे ना. तो नसता तर मी तिथं पोचलोच नसतो."

"पण काढलं तुम्ही."

"हात दरबारचा होता. दरबारचं मीठ खाल्लेल्या हातानं आपली सही कशी करायची? माझ्या आधीच्या कुणी केली नाही." मग त्यांनी माझ्या हातातल्या रजिस्टराकडे पाहिलं. "त्या खान्यात काय लिहिता येतं?"

"नाव माहीत नसलं तर अज्ञात लिहायचं, असं फर्मान आहे."

"मग अज्ञात लिहा. चांगला शब्द आहे. उगाच परेशान होऊ नका."

मी हसलो. तेही हसले. मी सतरा वेळा 'अज्ञात' लिहिलं. खाली प्रमाणित केलं, 'जागेवर तपासले, बरोबर आहे', आणि सही केली. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही त्या दिवसासाठी मी स्वतःला फारसा दोष देत नाही. दोष पुढचा आहे.

रजिस्टर मिटताना ते म्हणाले, "देवधर, तुमच्या ओळी उजवीकडे वर चढतात. वाऱ्यानं गवत कलतं तशा. शंभर कागदांत तुमचा कागद ओळखता येईल." मला ती प्रशंसा वाटली होती.

आठवा दिवस संपला आणि नवव्या दिवशी सकाळी ते कामाला लागले. तेव्हा त्यांची दुसरी सवय पाहिली. रंगात घालायचं पाणी ते स्वतः आणत. तलावाचं चित्र असेल तर तलावाचं, नाल्याचं असेल तर नाल्याचं. मंगलिया कितीदा म्हणाला असेल, "दाऊ, पानी तो पानी है." त्यावर ते ऐकू न आल्यासारखं करत. लोटा भरून आणत, तो थोडा वेळ स्थिर होऊ देत, मग वरचं पाणी घेत.

गवताच्या त्या चित्राची हकीकत मला मंगलियानं बंगल्याच्या पायरीवर बसून सांगितली. हरिभाऊ आत होते. दार उघडं होतं, म्हणजे त्यांना ऐकू जात असणार.

संस्थानच्या काळात कोणी मोठे पाहुणे आले होते. त्यांच्या बंदुकीनं एक वाघ पडला. पाहुण्यांना तो वाघ चित्रात हवा होता. हरिभाऊंना बोलावणं गेलं. ते आले, पडलेल्या जनावराभोवती एक फेरी मारली आणि मंगलियाला विचारलं, "हाका सुरू होण्याआधी हा कुठे बसला होता?" मंगलिया त्यांना घेऊन गेला. गवत अजून पुरतं उठलं नव्हतं. हरिभाऊ तिथेच बसले आणि दोन दिवस बसून त्यांनी ते गवत काढलं. शिकारखान्याच्या साहेबांनी चित्र पाहिलं.

"काटकर, यात वाघ कुठे आहे?"

"आत्ताच उठून गेला, हुजूर."

मंगलिया हे सांगताना स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारत होता. साहेबांना वाटलं, आता या माणसाची नोकरी जाते. गोष्ट वर गेली. वरून निरोप आला की पाहुण्यांना दुसरं काही द्या, हे चित्र बंगल्यातच राहू द्या. बंगल्याला दर वर्षी एक चित्र ठेवायची रीत तिथून पडली.

मी आत जाऊन हरिभाऊंना विचारलं, "खरं आहे हे?"

"खरं आहे. पण मंगलिया सांगतो तशी मी काही हिंमत केली नव्हती. मला मेलेलं जनावर काढता येत नाही. डोळा उघडा काढला तर खोटं वाटतं, मिटलेला काढला तर झोपल्यासारखं वाटतं. जे येत नाही ते टाळलं, बस."

पुढची सात-आठ वर्षं आमची ओळख राहिली. उन्हाळ्यात ते लष्करात, महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे. मी कधीमधी जाई. खिडकीत तलावाच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. हिवाळ्यात अर्धवट राहिलेली चित्रं ते त्या पाण्यानं घरी पुरी करत. वहिनींना त्याचा भारी राग.

"नळाच्या पाण्यात यांना काय खोट दिसते कोण जाणे," त्या मला म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात एक बाटली मी कुंडीत ओतली. दोन दिवस बोलले नाहीत."

"तुळस कशी आहे मग?" हरिभाऊ आतून म्हणाले.

"तुळशीला काय, वाढली. तिला थोडंच चित्र काढायचंय?"

मग त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आठ महिने माझे, चार जंगलाचे. पण देवधर, खरं सांगते, त्या चार महिन्यांतच यांच्या अंगाला अन्न लागतं. इथं नुसते बसून राहतात, त्या बाटल्यांसारखे."

विलीनीकरणानंतर शिकारखाना हळूहळू आटला. जमादार, हाका, ही जागा काही वर्षं कागदावर राहिली आणि मग एका फटक्यात अशा सगळ्या जागा गेल्या. तरी हरिभाऊ हिवाळ्यात बंगल्यावर जात राहिले. चौकीदार ओळखीचा, खोली रिकामी, कोणी हटकत नव्हतं. चित्र मात्र ते नेमानं ठेवून येत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत संपलं, आम्ही मध्य प्रदेशात गेलो, राजधानी भोपाळ झाली. चार ठिकाणचे कर्मचारी एका यादीत बसवायचे होते. कोण कोणाच्या वर, कोण फाजील, कोणाचा तबादला जबलपूरला आणि कोणाचा रायपूरला, यावाचून दफ्तरात दुसरा विषय नव्हता. त्याच सुमारास जंगलाचंही रूप बदललं. आता ती शिकारीची राखीव जागा नव्हती, राष्ट्रीय उद्यान होतं. बंदुकीला बंदी.

भोपाळहून आलेल्या एका साहेबांनी बंगल्यातली चित्रं पाहिली आणि त्यांना ती आवडली. त्यांनी प्रस्ताव केला : उद्यानात दर हिवाळ्यात एका चित्रकाराला चार महिने खोली द्यावी, त्यानं जाताना एक चित्र उद्यानाला द्यावं. जुनी रीत त्यांना कोणी सांगितली असेल किंवा भिंतींवरूनच कळली असेल. प्रस्तावात एक ओळ होती : जुन्या राजवटीत हे काम केलेला कोणी हयात असेल तर पहिली काही वर्षं त्याला प्राधान्य द्यावं. आणि ओळखीपाळखीनं कोणी बंगल्यात राहत असेल तर ते बंद व्हावं.

प्रस्ताव मंजूर झाला आणि हरिभाऊंनी अर्ज केला. तो अभिप्रायासाठी माझ्या टेबलावर आला, कारण बंगल्याची यादी मी केली होती.

अर्ज देऊन ते इंदरगंजच्या नाक्यावर माझी वाट पाहत उभे होते. आम्ही चहा घेतला. ते कधी कोणाकडे शिफारस मागायला गेलेले मला माहीत नाहीत. त्या दिवशीही त्यांनी मागितली नाही.

"तुमच्याकडेच आलाय म्हणे कागद," ते म्हणाले. "बरं झालं. तुम्ही तर पाहिलंय. नाहीतर मी कोणाला काय दाखवणार?"

"होईल, हरिभाऊ."

"लवकर झालं तर बरं. डोळ्यांत मोती उतरून राहिलाय. डॉक्टर म्हणतो पिकू द्या, मग काढू. त्याचा काय भरोसा? काढल्यावर दिसतं, पण रंग तसेच दिसतील का हे तो सांगत नाही." मग ते म्हणाले, "दोन हिवाळे मिळाले तरी पुरे. देवधर, मी तीस वर्षं जनावरं काढली. पण ती सगळी शिकारीच्या मोसमातली. कान उभे, मान वर, एक पाय उचललेला. आता बंदूक बंद झाली. आता कधीतरी एखादं चितळ निर्धास्त बसेल. तसं बसलेलं मी पाहिलेलं नाही. ते कसं दिसतं ते मला काढायचंय."

कप खाली ठेवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेला लागला. कड त्यांना नीट दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फाईल उघडली. अभिप्राय मी मनात तयार केला होता : अर्जदार हेच चित्रकार, मी स्वतः त्यांना काम करताना पाहिलेलं आहे. पण फाईलमध्ये वरच माझं जुनं प्रमाणपत्र होतं. सतरा वेळा अज्ञात, आणि खाली 'जागेवर तपासले, बरोबर आहे'. शिवाय हजेरीपटाचा उतारा : काटकर, जमादार, हाका.

मी बडे बाबूंकडे गेलो. ते आमच्या शाखेचे हेडक्लार्क. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"देवधर, ये दस्तखत आपके हैं?"

"जी."

"तो आप लिखेंगे कि मैंने सरकार को गलत लिखकर दिया था? और वो भी अभी, जब लिस्ट बन रही है?"

"पण माणूस खरा आहे."

"आदमी तो सब सच्चे होते हैं. कागज क्या बोलता है, वो लिखिए. आपसे राय माँगी है, गवाही नहीं."

त्यांनी मला धमकी दिली नाही. ते माझं भलंच पाहत होते. थाटीपूरला सरकारी क्वार्टर मला तीन महिन्यांपूर्वी मिळालं होतं. त्याआधी आईवडील, दोन बहिणी आणि आम्ही दोघं एका खोलीत होतो. बायकोला दिवस गेले होते. रायपूरला तबादला झाला असता तर ते सगळं विसकटलं असतं. हे सगळं खरं आहे आणि इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण खरोखर तबादला झालाच असता का? बहुतेक नाही. फार तर एक खुलासा मागितला असता. तो मी दिला असता आणि प्रकरण मिटलं असतं. मला भीती वाटली हे खरं. त्याहून जास्त, आपल्या सहीखाली 'हे चूक होतं' असं लिहायची मला लाज वाटली.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

पुरावा माझ्यासमोर होता. हरिभाऊंचा अर्ज त्यांच्या हातचा होता. बारीक, उभट अक्षर. तेच अक्षर सतरा चित्रांच्या मागे होतं. मला फक्त एवढं लिहायचं होतं की अर्जाचं आणि चित्रांमागचं अक्षर जुळवून पाहावं. त्यात माझ्या जुन्या सहीचा उल्लेखही करावा लागला नसता. ते मला सुचलं. सुचलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी अर्ज हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग तो फाईलच्या तळाशी ठेवला आणि लिहिलं : 'अर्जदाराने सदर चित्रे काढल्याचा पुरावा अभिलेखात आढळत नाही. अर्जदार हाक्याचे जमादार होते.'

महिन्याभरात नामंजुरी आली. खोली दुसऱ्या शहरातल्या एका पदवीधर चित्रकाराला मिळाली. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

नामंजुरीचं पत्र घेऊन हरिभाऊ दफ्तरात आले. पत्राबरोबर कोणीतरी माझ्या अभिप्रायाची नक्कल नव्हे, मूळ पानच त्यांना दाखवायला दिलं होतं. अशा चुका तेव्हा नेहमी होत. ते माझ्या टेबलापाशी आले, पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं.

"ओळी वर चढतात," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

मी उभा राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. नियम, अभिलेख, नाइलाज, असलं काही.

"बसा, बसा," ते म्हणाले. "लिहिलंय ते बरोबरच आहे. मीच म्हणालो होतो ना, अज्ञात लिहा." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पान त्यांनी नीट घडी न मोडता टेबलावर ठेवलं. जायला वळले आणि परत थांबले.

"तो नवा माणूस येईल ना, त्याला एक सांगा. पहिले आठ दिवस काही काढू नका म्हणावं. नुसतं बसा. आणि पाणी तिथलं घ्या."

"सांगतो."

मी ते सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर हे तुम्हाला कोणी सांगितलं असं त्यानं विचारलं असतं.

यादीत माझं नाव बऱ्यापैकी वर लागलं. तबादला झाला नाही. मुलगा थाटीपूरच्या क्वार्टरमध्ये जन्मला. गल्लीतल्या त्या दोन खोल्यांकडे मी पुन्हा गेलो नाही. बाड्यावर कामासाठी जावं लागलं तर मी दुसऱ्या रस्त्यानं जाई. एकदा वहिनी भाजी घेताना दिसल्या. मला त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या पुढे गेल्या.

आता जे नोंदवायचं ते नोंदवतो. तलावाच्या बंगल्यातली ती सतरा चित्रं आणि त्यांच्यानंतर ठेवलेली सात-आठ, हरिभाऊ काटकर, राहणार लष्कर, यांनी काढली आहेत. मी त्यांना काढताना पाहिलं आहे. त्यातली किती उरली आहेत मला माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात मला भिंतींवर पाच दिसली. जो कोणी अधिकारी हे वाचेल त्यानं गवताचं चित्र खिळ्यावरून काढून उलटून पाहावं. मागे शिसपेन्सिलीनं वाऱ्याची दिशा असेल आणि मंगलियाचं नाव असेल. पट्टी बदलताना मंगलियाचंही नाव घालावं. हरिभाऊंना ते आवडलं असतं, स्वतःचं नाव असण्यापेक्षा जास्त. जुन्या यादीवरचं 'बरोबर आहे' हे प्रमाणपत्र आणि पुढचा अभिप्राय, दोन्ही मी परत घेतो. दुसरा मी जाणूनबुजून खोटा लिहिला होता.

हरिभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते नामंजुरीनंतर चार-पाच वर्षांनी. मी साहेबांबरोबर जीपमधून उद्यानात जात होतो. पौषातली सकाळ, उन्हं नुकतीच वर आलेली. फाटकाच्या अलीकडे, उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला एका दगडावर दोन म्हातारे बसले होते. एकाच्या अंगात खाकी कोट होता. दुसरा मंगलिया. समोर कुंपणापलीकडे करधईचा उतार आणि त्यावर गवत. वाटेत गुरं आडवी आली म्हणून जीप थांबली. त्यांच्यापासून दहा पावलांवर.

हरिभाऊंचे डोळे उघडे होते, पण ते कशावर ठरत नव्हते. दोन्ही बुबुळांवर दुधी पडदा आला होता. त्यांनी तोंड उताराकडे केलं होतं.

"बैठी है?" त्यांनी विचारलं.

"बैठी है, दाऊ. दो हैं. एक छोटी."

"कान?"

मंगलियानं कपाळावर हात धरून पाहिलं. "नीचे. दोनों के नीचे."

"अन् मान?"

"ढीली. पीछे घुमाकर पीठ चाट रही है."

हरिभाऊंचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्याचं एक बोट धोतरावरून फिरायला लागलं. आधी एक लांब, सैल रेघ, वरून खाली. मग तिच्या पोटात दुसरी. मग बोट थांबलं.

"वारा कुठला रे?"

"पच्छिम का."

त्यांनी मान हलवली. गुरं बाजूला झाली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, त्या आवाजानं हरिभाऊंनी तोंड आमच्याकडे वळवलं आणि हात किंचित वर केला, कोण आहे ते न दिसता कोणालाही करावा तसा. दगडापाशी जीप थांबवा, एवढंच मला म्हणायचं होतं. मी मांडीवरची फाईल उघडली आणि फाटक येईपर्यंत वाचत राहिलो.